मिशी उतरवण्याआधीचा प्रश्न

राखलेली मिशी उतरवायला कुणी खुर्चीत बसलं, तर वस्तरा लावण्याआधी न्हाव्यानं एक प्रश्न विचारायचा असतो. "बाप आहे का?" ज्यानं कधी मिशी ठेवलीच नाही त्याला विचारायचं कारण नाही. पण एकदा राखलेली मिशी माणूस बाप गेल्यावरच काढतो, एरवी नाही, अशी आमच्या भागातल्या जुन्या लोकांची रीत होती. बाप जिवंत असताना ओठ साफ करून घरी जाणं म्हणजे त्याला जिवंतपणी तिरडीवर ठेवणं. माझ्या हातात पहिल्यांदा वस्तरा देताना वडिलांनी बजावलं होतं, "त्याचा बाप समोरच्या हॉटेलात चहा पिताना दिसत असला तरी विचारायचं. मोठ्यानं विचारायचं. उद्या कुणी म्हणायला नको की न्हाव्यानं विचारलं नाही."

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला वाटलं पत्ता चुकला. न्हावी बोलतो पुष्कळ, लिहीत नाही. शिवाय लोकांना वाटतं की आमच्या खुर्चीत बसून माणसं गमतीजमती सांगत असतील आणि आम्ही त्या साठवून ठेवल्या असतील. आहेतही. पण लिहायला बसलो की त्या गमती बाजूला होतात आणि दामूनानांची मिशी पुढे येऊन उभी राहते. तिच्याबद्दल बोलायची मला अजून लाज वाटते, आणि ती लाज माझ्या एकट्याची नाही म्हणून थोडा धीर करतो.

पालघरच्या बाजारपेठेत माझं सलून होतं. सलून हा पाटीवरचा शब्द. आत दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला वस्तरा लावायचा पट्टा आणि फळीवर वडिलांची धोकटी. धोकटी म्हणजे न्हाव्याची पिशवी, वस्तरा-कात्री घेऊन घरोघर जायची. दुकान झाल्यावरही ती मी सोडली नव्हती, कारण म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी जाऊन दाढ्या करायचं काम चालूच होतं.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो, दाढी ही मजुरी आहे आणि मिशी ही कारागिरी. दाढीत चुकलं तर तुरटी फिरवून निभावतं. मिशीत चुकलं तर ती चूक गिऱ्हाईक तोंडावर घेऊन गावभर फिरतं. एक बाजू जरा जास्त गेली म्हणून दुसरी कमी करायची, मग पहिली पुन्हा जास्त दिसायची, असं करत करत अख्खी मिशी संपवून बसलेले कारागीर मी पाहिले आहेत. माझ्या हातून तसं कधी झालं नाही. एवढी बढाई म्हाताऱ्याला माफ करा.

साठच्या दशकात तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम निघालं आणि बोईसरला देशभरची माणसं उतरली. रविवारी ती पालघरच्या बाजाराला येत आणि माझ्या दुकानात बसत. मी मिशीवरून मुलूख ओळखायला शिकलो. साताऱ्याकडची कुठली, पंजाबातली कुठली, मद्रासकडची पेन्सिलीनं ओढल्यासारखी रेघ कुठली, हे तोंड उघडायच्या आत सांगायचो. त्या गर्दीत एकदा सफाळ्याचा एक तरुण आला. प्रकल्पावर लागून त्याला थोडेच दिवस झाले होते, पण हिंदी चढली होती. खुर्चीत बसून म्हणाला, "मूँछ साफ कर दो." मी घाईत होतो, विचारायचं राहिलं.

पुढच्या बाजाराला त्याचा बाप दारात उभा. हातात काठी, तोंडावर शुभ्र मिशी. "दत्तू न्हावी कोन?" मी पुढं झालो. "मी त्याचा बाप हाय. जित्ता हाय. नीट बघून घे." मी हात जोडले, खुर्ची पुसली, बसा म्हटलं. तो बसला आणि म्हणाला, "आता मला इचार." मी विचारलं, बाप आहे का? तो म्हणाला, "नाय. म्हंजे मला काढायचा हक्क हाय. तरी मी काढत नाय. पोरगा परत आला की हे सांग त्याला." त्याची दाढी मी फुकट करून दिली आणि पुन्हा कधी तो प्रश्न विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, असा एक दिवस पुढे यायचा होता.

दुकानाबाहेर छपराखाली एक रुंद बाक होता. त्यावरच चाकूनं कोरून बुद्धिबळाचा पट काढलेला. नंबर लागेपर्यंत लोक तिथं खेळत, आणि नंबर लागल्यावरही उठत नसत. या बाकावरचे राजे म्हणजे दामूनाना. मनोरच्या वाटेवर त्यांची वाडी होती, भाताची थोडी शेती होती. साठीच्या आसपासचे, उंच, आणि मिशी अशी की बाजारात ती आधी दिसायची आणि नाना मागून. भरदार, टोकांना हलका पीळ, मध्ये थोडी राखाडी. दर रविवारी मी ती नीट करायचो आणि आरसा मागं-पुढं धरून दाखवायचो. नाना मान डोलवायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी ती कधी दिली नाही, हे मला दुकानाच्या पाटीपेक्षा मोठं वाटायचं.

नाना खेळायचे ते आपलं जुनं देशी बुद्धिबळ. त्याचे दोन नियम इथं सांगायला हवेत, पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. पहिला असा, की समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर डाव जिंकत नाही. त्याला 'बुर्जी' म्हणायचं. डाव बरोबरीत सुटतो आणि नाचक्की होते ती मारणाऱ्याची. म्हणून चांगला खेळाडू समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवतो आणि त्याच्या देखत राजाला मात देतो. ती मात आपल्या प्याद्यानं दिली तर बाकावर चहा यायचा. दुसरा नियम असा, की प्यादं चालत चालत पलीकडच्या टोकाला पोचलं, तर ते ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा होतं. घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. नव्या, परदेशी नियमांत यातलं काहीच नाही. तिथं शेवटचं प्यादं मारलं तर बिघडत नाही, आणि पोचलेल्या प्याद्याचा हवा तो मोहरा करता येतो.

त्या वर्षी गणपतीत बाजारपेठेतल्या मंडळानं वडीलधाऱ्यांसाठी बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. ज्याला नातवंड आहे त्यानंच खेळायचं, अशी अट. प्रकल्पावरचीही काही मंडळी येणार होती म्हणून नियम नवे. नाना पंधरवडाभर बाकावर बसून नवे नियम शिकले. प्यादं सुरुवातीला दोन घरं चालवायचं, राजा-हत्तीची अदलाबदल करून कोट बांधायचा, सगळं. त्यांना ते पोरकट वाटायचं, पण शिकले. आणि एकेक डाव जिंकत शेवटच्या डावापर्यंत पोचले. दुसऱ्या बाजूनं पोचले माने फोरमन.

माने फोरमन साताऱ्याकडचे. प्रकल्पाच्या बांधकामावर होते, बोईसरजवळ सरावलीला खोली घेऊन राहायचे, निवृत्तीला आलेले. रविवारी माझ्याकडे दाढीला येत आणि बाकाच्या टोकाला बसून नानांचा डाव बघत. कधी मध्ये बोलले नाहीत. मुंबईत असताना ते कामगारांच्या स्पर्धा खेळले आहेत, हे आम्हाला गणपतीतच कळलं.

शेवटच्या डावाच्या आदल्या दिवशी नाना माझ्या खुर्चीत होते. तोंडभर साबण. बाहेर बाकावर कापडवाले केशवराव बसले होते. बाजारातलं कापडाचं दुकान त्यांचं, आणि दुसऱ्याला चढवायची हौसही त्यांचीच. ते दारातून म्हणाले, "नाना, फोरमन जड जाईल हां. मुंबईचं पाणी आहे."

"जाऊ दे," नाना साबणातूनच म्हणाले. "त्यानं हरवलं तर ही मिशी देईन काढून. दत्तू, तूच काढ."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. नानांचे वडील हयात होते, दर सोमवारी मीच धोकटी घेऊन वाडीवर त्यांची दाढी करायला जात होतो, आणि तरी त्या क्षणी मला त्यांची आठवण झाली नाही. नानांनाही झाली नसावी. हरायचं त्यांच्या मनातच नव्हतं. केशवरावांनी ती गोष्ट इतकी उचलली की संध्याकाळी मंडळाच्या लाऊडस्पीकरवरून आरतीच्या वेळेबरोबर तीही जाहीर झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी डाव बघायला गेलो. शाळेच्या लांब खोलीत मधोमध टेबल, भोवती माणसं, भिंतीलगत बाकांवर उभी माणसं. परीक्षक म्हणून शाळेतले मास्तर होते. त्यांनी सुरुवातीला नियम वाचून दाखवले. नाना मान डोलवत होते. माने फोरमननी वाकून नानांना नमस्कार केला आणि मग पहिली चाल केली.

नानांनी फोरमनना खाल्लं. दुसरा शब्द नाही. फोरमनचा वजीर गेला, हत्ती गेले, आणि शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एकच प्यादं उरलं, तेही घोड्याच्या पट्टीत. नानांकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी. नानांचा हत्ती त्या प्याद्याला सरळ मारू शकत होता. माझ्या शेजारी प्रकल्पावरची दोन माणसं कुजबुजली, "मारत का नाहीत?" आम्ही बाकावरचे लोक मात्र गालात हसलो. आम्हाला ठाऊक होतं. नाना बुर्जी करणार नव्हते. ते प्यादं जिवंत ठेवून, आपल्या प्याद्यानं मात करून दाखवणार होते. एकदा मान वर करून त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि मिशीवर बोट फिरवलं.

ते प्यादं एकेक घर पुढं सरकत होतं. नाना त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पोचलं तर घोड्याच्या घरात पोचणार, घोडा होणार, कोपऱ्यात पडून राहणार. पंधरवड्यात शिकलेलं डोक्यात होतं, पण हात आयुष्यभर जे करत आले तेच करत होते. आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नाही, यावरून काय ते समजा.

प्यादं पोचलं. माने फोरमननी बाजूला पडलेल्या मोहऱ्यांत हात घातला. तो हात तिथं थोडा थांबला. मग त्यांनी वजीर उचलला आणि प्याद्याच्या जागी ठेवला.

नाना हसून म्हणाले, "घोडा ठेवा, साहेब. घोड्याचं घर हाय ते."

फोरमननी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाकरून म्हणाले, "नाना, हवा तो मोहरा घेता येतो. सुरुवातीला वाचलं होतं मी."

नानांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. वजिरानं शह दिला, पुढच्या चालीला नानांचा हत्ती गेला. तिथंच डाव सोडून देता आला असता. नानांनी सोडला नाही. एकेक चाल खेळत ते मात होईपर्यंत बसून राहिले, आणि आम्ही इतकी माणसं त्यांना हरताना बघत उभे राहिलो.

टाळ्या झाल्या. मग कुणीतरी लाऊडस्पीकरवरची गोष्ट काढली आणि खोलीत हशा पिकला. नाना उठले, टोपी घातली आणि कुणाकडे न बघता चालू लागले. मला वाटलं घरी जातील. ते सरळ माझ्या दुकानाकडे वळले. मागून अर्धी खोली.

मी धावत जाऊन कुलूप काढलं. नाना खुर्चीत बसले. दारात माणसं, खिडकीत माणसं, आरशात तर सगळीच दिसत होती. "कर, दत्तू," नाना म्हणाले. मी कापड गुंडाळलं. ब्रश ओला केला. वरच्या ओठावर साबण लावला. हात चालत होता आणि डोकं सुटकेची वाट शोधत होतं. मग वस्तरा उचलताना आठवलं, अरे, वाट तर माझ्या धंद्यातच आहे. सोमवारी ज्या म्हाताऱ्याची हनुवटी मी धरतो तो यांचा बापच की. नियमाप्रमाणे विचारायचं, नाना हो म्हणतील, मी वस्तरा खाली ठेवीन, आणि कुणाला बोलायला जागा राहणार नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नाना, बाप आहे का?"

नानांनी डोळे मिटले. ते नाही म्हणू शकत नव्हते, आणि आता हो म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या बापाच्या आड लपणं होतं, तेही सगळ्या बाजारासमोर. हे मला विचारून झाल्यावर कळलं.

"हाय," नाना म्हणाले.

गर्दी सारत माने फोरमन आत आले होते. त्यांचा चेहरा उतरला. "वडील हायती? आन मला कुणी सांगितलं न्हाई?" त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, उठा. मी ह्यो शब्द मागितलाच न्हवता. मला न्हाई पायजे."

तेवढ्यात दारातून केशवराव म्हणाले, "म्हणजे बापाच्या नावावर सुटले नाना."

लोक हसले. वाईट मनानं नव्हे, डाव बघून आलेली माणसं होती, हसायच्या बेतातच होती. पण हसले. नानांनी कापडाच्या टोकानं स्वतःच ओठावरचा साबण पुसला, उभे राहिले आणि फोरमनना म्हणाले, "सुटलो नाय, साहेब. ऱ्हायलंय माझ्याकडं." आणि गर्दीतून वाट काढत गेले.

त्यानंतर नाना बाकावर आले नाहीत. रविवारच्या बाजाराला यायचे, पण माझ्या दुकानाची बाजू सोडून पलीकडून जायचे. मिशी आता घरीच कशीतरी कापत असावेत. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. ज्या मिशीवर मी इतकी वर्षं मिरवलो ती अशी रस्त्यातून जाताना बघणं फार जड होतं. लोक तिला राहिलेली मिशी म्हणायला लागले. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण नाना बहिरे नव्हते. माने फोरमनही दाढीला येईनासे झाले. एकदा स्टेशनवर भेटले, तेव्हा म्हणाले, "दत्तोबा, घोडा उचलायचा हुता मी. हातात आलाबी हुता. मागं कामावरची आमची पोरं हुबी हुती, काय म्हनतील वाटलं." मीही तो प्रश्न तसा भर दुकानात विचारायला नको होता.

सोमवारची फेरी मात्र मी चुकवली नाही. नाना त्या वेळी शेतावर जात. ओटीवर त्यांचे वडील बसलेले असत. दृष्टी गेलेली, कान शाबूत. दाढी करता करता मी बाजारभाव, पाऊसपाणी असं काहीबाही बोलायचो. एका सोमवारी त्यांनीच माझं मनगट धरलं.

"दत्तू, आमच्या दामूनं मिशी लावली व्हती म्हनं डावावर."

मी वस्तरा दुसऱ्या हातात घेतला.

"आन माझ्यापायी अडली."

"तसं नाही बाबा. रीत आहे."

"रीत तुज्या वस्तऱ्याला. त्याच्या शब्दाचं काय?" त्यांनी माझं मनगट सोडलं. "काढून टाक त्याची. मला कुठं दिसतंय. मी परवानगी देतो."

मी निरोप सांगायला शेतावर गेलो. नाना बांधावर बसले होते. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्याला सांग, दामू म्हनाला अजून खूप जगायचंय तुला." मी परत जाऊन ओटीवर तसं सांगितलं. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "जगायची पन लाज वाटाया लागली, बघ." मी धोकटी आवरली आणि वाटेला लागलो. त्या घरात मला घाम पुसायला फडका द्यायचे, पाणी द्यायचे, आणि मी त्या घराचं भर बाजारात विचारलेल्या एका प्रश्नानं काय करून ठेवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात म्हातारे गेले. दहाव्याला नदीवर मला बोलावणं आलं. नानांच्या भावांचं मुंडन झालं, मग नाना खाली बसले. डोकं झालं, दाढी झाली, मिशी राहिली. काठावर बाजारातली पुष्कळ माणसं होती. थोडे दूर माने फोरमन टोपी काढून उभे होते. मला सगळ्यांच्या मनातलं कळत होतं: चला, एकदाचं झालं, दोन्ही एकातच मिटलं. माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला बोलू. नानांनाही ते कळलं असावं. वस्तरा टेकवायच्या आधी ते हळू पण स्पष्ट म्हणाले, "ही बापाची."

मी ती उतरवली. केस नदीत गेले. फोरमननी मान फिरवली.

मग नानांनी पुन्हा मिशी वाढवली. पावसाळा आला, गेला. आधी नुसतं पांढरं खरखरीत, मग हळूहळू भरत गेली. या वेळी पूर्ण पांढरी. लोकांना वाटलं नाना सावरले. एका रविवारी ते बाजू न सोडता सरळ माझ्या दारासमोरून गेले आणि जाताना हात वर केला. मला इतका आनंद झाला की गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली.

प्रकल्पाचं बांधकाम संपत आलं. माने फोरमन निवृत्त होऊन गावी जाणार, अशी बातमी आली. त्या आठवड्यात नानांचा निरोप आला: फोरमनना रविवारी दुकानात बोलाव. मी बोईसरला जाऊन त्यांना सांगितलं. ते आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "न्हाई आलो तर ते हितं सरावलीला येतील. येतो."

रविवारी दुकान भरलेलं होतं. बाकावर केशवराव होते. नाना आले, टोपी खुंटीला लावली, खुर्चीत बसले. "कर, दत्तू." माने फोरमन दाराशी उभे. सगळ्यांना कळलं. मी कापड गुंडाळलं, ब्रश ओला केला. घाईत पाणी सांडलं. नाना म्हणाले, "सावकाश."

साबण लावला. वस्तरा पट्ट्यावर फिरवला, गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवला. मग थांबलो. तो प्रश्न विचारायचा नव्हता मला. नदीवर मीच गेलो होतो, काय विचारायचं? सरळ वस्तरा ओठाजवळ नेला. नानांनी माझा हात धरला.

"इचार," ते म्हणाले. "मोठ्यानं इचार. मागल्या वेळेवानी."

मी वस्तरा मागं घेतला. आणि विचारलं, "नाना, बाप आहे का?"

"नाय," नाना म्हणाले.

मग मी ती पांढरी मिशी उतरवली. दोन्ही बाजू सारख्या, एक केस मागं न ठेवता, आयुष्यातलं सगळ्यात चोख काम. माने फोरमन भिंतीकडे तोंड करून उभे होते. केशवराव बाकावर बसून कोरलेल्या पटाकडे बघत होते. मी तुरटी फिरवली, ओठ पुसला आणि सवयीनं आरसा दाखवायला गेलो. समोरच्या लांब आरशात आम्ही सगळे होतो, सगळ्यांच्या माना खाली. नाना तेवढे मान वर करून स्वतःकडे बघत होते.